आडोसा, शून्य फेऱ्या

१

पहिल्यांदा खटकलं ते दुकानाच्या दारावरून.

कोपऱ्यावरच्या दुकानाला काचेचं सरकतं दार आहे. समोर माणूस आला की ते आपोआप उघडतं, आणि उघडताना असा फुस्स आवाज करतं की मी दर वेळी दचकते. कोणीतरी कानाशी चिडून श्वास सोडावा, तसा. माझी धाकटी बहीण त्यावरून मला ससुली म्हणते. तिला मात्र घरात सगळे धाकटीच म्हणतात, मीही.

त्या संध्याकाळी ती माझ्यापुढे चार पावलं होती. रिकामी पिशवी गरगर फिरवत ती दारासमोर गेली आणि दार उघडलंच नाही. नाक काचेवर आपटता आपटता राहिलं.

ती मागे आली, पुन्हा पुढे गेली. हात हलवले. एक उडीसुद्धा मारली.

"अगं, मी काय हवा आहे का?" असं म्हणत स्वतःच खिदळली.

मी तिच्या शेजारी जाऊन उभी राहिले. फुस्स.

"बघा! ससुलीबाईंना केवढा मान."

आत आम्ही साबण आणि दूध घेतलं. गल्ल्यावरच्या बाईला धाकटीने विचारलं, "मोठी पिशवी मिळेल का?" बाई माझ्याकडे बघून म्हणाली, "आणखी काही?" धाकटीने पुन्हा विचारलं. बाईने माझ्या हातात पावती ठेवली.

"अहो, ती विचारतेय ना तुम्हाला काहीतरी!" माझा आवाज उगाचच चढला.

"कोण?" बाई म्हणाली. मग माझ्या शेजारी डोळे बारीक करून पाहिलं. "अय्या, हो की. सॉरी हं."

दार बिघडलं असेल. बाई दमली असेल. भित्र्या माणसाला कारणं शोधायची सवय असते, घरी पोचेपर्यंत माझी दोन्ही कारणं तयार होती. एकच गोष्ट घशाखाली उतरत नव्हती. बाई उद्धट नव्हती. तिने "कोण?" अगदी मनापासून विचारलं होतं.

२

मी एका छोट्या कंपनीत कॉम्प्युटरवरचे खेळ बनवते. चार जणांची टोळी घेऊन प्रवासाला निघायचं, वाटेत शत्रू भेटले की आळीपाळीने वार करायचे, त्या जातीचे. त्यात माझं काम अवस्थांचं. कोणाला विष चढतं, कोणाला झोप लागते, कोणाची वाचा बसते, कोणाचे पाय गोठतात, ते सगळं मी ठरवते. "म्हणजे डॉक्टरच्या बरोब्बर उलट," असं धाकटी लोकांना सांगते.

यासाठी आमच्याकडे एक साधन आहे. आमच्याच एका प्रोग्रामरने बनवलेलं. प्रत्येक गोष्टीसाठी तो काहीतरी जुगाड उभा करायचा म्हणून सगळे त्याला मिस्त्री म्हणायचे. साधनाला त्याने नाव दिलं होतं 'दवाखाना'. उघडलं की एक फॉर्म येतो. अवस्थेचं नाव. चिन्ह. कोणावर. कोणापासून. किती फेऱ्या. कशाने जाते. आणि शेवटी ते वाक्य, जे खेळणाऱ्याला पडद्यावर दिसतं. सात रकाने भरले की आजार तयार. मिस्त्री नोकरी सोडून गेला त्याला दोन महिने झाले. दवाखाना राहिला.

'किती फेऱ्या'च्या जागी आधी मी 'किती पाळ्या' असं लिहिलं होतं. पहिल्याच मीटिंगमध्ये समोरचे तिघे माना खाली घालून फिदीफिदी हसले. आमचा टीम लीडर म्हणाला, "अगं, जरा बघून शब्द वापर." हा आमचा कप्तान. जहाज कुठेच नाही, पण टोपी आहे. हसले ते, आणि शब्द बदलायला लागला मला.

अवस्था बनवली की ती तपासायची एक खोली आहे, पडद्यावरचीच. करड्या भिंती, करडी फरशी, मधोमध चार बाहुल्या. प्रत्येकाने आपापल्या बाहुल्यांना नावं द्यायची. बाकीच्यांनी राक्षस, टकल्या, मेव्हणा अशी दिली आहेत. मी दिली बाबा, आई, मी, धाकटी. परक्या नावाच्या बाहुलीला विष चढलं तर मला काही वाटत नाही, आणि काही वाटलं नाही तर चूक सापडत नाही.

३

आडोसा ही माझी कल्पना.

ही खरं तर आजार नव्हे, सोय आहे. टोळीतला एक जण आडोशाला जातो, मग तीन फेऱ्या शत्रूचं त्याच्याकडे लक्ष जात नाही. सोमवारच्या मीटिंगमध्ये मी हे सांगितलं. कोणी वर पाहिलं नाही. पुन्हा सांगितलं, जरा मोठ्याने. कॉफीचं मशीन गुरगुरलं, तेवढाच प्रतिसाद. दहा मिनिटांनी कप्तान खुर्चीत मागे रेलला. "मला एक सुचलंय. आडोसा!" आणि माझी वाक्यं, माझ्याच क्रमाने, त्याच्या तोंडून बाहेर आली.

"भारी!" एक जण म्हणाला. दुसऱ्याने टेबलावर थाप मारली, मी दचकले.

"हे मी आत्ताच..."

"एक मिनिट हं, आधी माझं होऊ दे," कप्तान म्हणाला. झाल्यावर म्हणाला, "हे तू दवाखान्यात भरून टाक."

घरी जेवताना मी हे सांगायला घेतलं. निम्म्यावर आले असेन, तेवढ्यात धाकटीला तिच्या कॉलेजच्या ग्रंथपालबाई आठवल्या. ती उठली, चष्मा नाकावर ओढल्याचं सोंग केलं आणि "शूऽऽ" म्हणाली. हसता हसता आईच्या हातून पाणी सांडलं. बाबा डोळे पुसत होते. माझं वाक्य तसंच टांगून राहिलं. ते कोणीच पुरं करायला सांगितलं नाही.

मंगळवारी सकाळी मी फॉर्म भरायला बसले. दात इतके आवळले होते की जबडा दुखत होता. राग कप्तानाचा होता, खरं सांगते. पण माझ्या बाहुल्यांमध्ये कप्तान नव्हता.

कोणावर: धाकटी. कोणापासून: इथे 'शत्रू' निवडायचं असतं, मी 'सगळे' निवडलं. फेऱ्यांचा रकाना रिकामा सोडला. रिकामा म्हणजे शून्य, आणि शून्य फेऱ्या म्हणजे अवस्था लागणारच नाही. दाराला नुसती लाथ मारावी, आत जायचं नसावं, तसं मी ते केलं. वाक्य लिहिलं: धाकटीकडे कोणाचं लक्ष जात नाही.

बाहुलीच्या डोक्यावर आडोशाचं चिन्ह उमटलं, एक छोटा करडा पडदा. कामधाम नसलं की चारही बाहुल्या अधूनमधून एकमेकींकडे वळून बघतात, तशी मिस्त्रीने सोय केली आहे. आता तिघी एकमेकींकडे बघत होत्या. चौथी त्यांच्याकडे बघत होती.

शून्य फेऱ्यांना पडदा यायला नको होता. मला ते कळलं, आणि तरी मी कॉम्प्युटरवरची ती खिडकी बंद केली. मला बरं वाटलं होतं. लाज वाटते लिहिताना, पण वाटलं होतं.

दुकानाचं दार त्याच संध्याकाळचं.

४

बुधवारी धाकटी कॉलेजातून तणतणत आली.

"हजेरीला तीनदा ओ दिली! तीनदा! सर म्हणतात, गैरहजर. पहिल्या बाकावर बसले होते मी!"

"हळू बोलली असशील," मी म्हणाले.

"मी? हळू?"

हेही बरोबर होतं. आमच्या इमारतीत तिचा आवाज तिच्या आधी पोचतो.

जेवायला बसलो. आईने तीन ताटं घेतली, तीन पेले भरले आणि खाली बसली. धाकटी कमरेवर हात ठेवून उभी. "आई, मी काय खिडकीतून आलेय?"

आईने बाबांना वाढलं. मला वाढलं.

"आई!" मी ओरडले.

आईच्या हातातला डाव ताटात पडला. "काय झालं ओरडायला?" मग तिने वर पाहिलं, आणि तिचा चेहरा उतरला. "अगंबाई. डोकं ठिकाणावर नाही माझं. पण हिनेही काही बोलावं ना, नुसती गप्प उभी..."

"गप्प? दहा मिनिटं बडबडतेय ती!"

"मला नाही ऐकू आलं."

"अहो बाबा, तुम्ही तरी सांगा!"

बाबांनी माझ्याकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "कशावरून चाललंय तुमचं दोघींचं?" ते म्हणाले.

दोघींचं. धाकटी जाऊन चौथं ताट स्वतः घेऊन आली. पाटावर बसली, मुकाट्याने जेवली. आमची ही मुलगी मुकाट्याने जेवते हे मी जन्मात पहिल्यांदा पाहत होते, आणि ते दोघं पाहतही नव्हते. मला इतका संताप आला की मी ताट पुढे सारलं. आपल्या पोटच्या पोरीला विसरायला काय लागतं माणसाला? वय? दमणूक? मी अजून कारणंच शोधत होते.

५

गुरुवारी दुपारी तिने मला ऑफिसात फोन केला. सायकलवरून पडली होती.

मी पोचले तेव्हा ती रस्त्याच्या कडेला बसली होती. कोपर सोललेलं, सायकलचं पुढचं चाक वाकडं. माणसं तिला वळसा घालून जात होती, जसं रस्त्यातल्या खड्ड्याला घालतात, न थांबता, न बघता.

"गाडीवाल्याने पाहिलं माझ्याकडे, ताई," ती म्हणाली. "सरळ डोळ्यांत. आणि वळवली अंगावर."

जवळच्या दवाखान्यात नेलं. खऱ्या दवाखान्यात. नर्सने कागद पुढे केला. "पेशंट कुठेय?"

मी धाकटीचा हात धरून टेबलावर ठेवला. "हा हात कोणाचा वाटतो तुम्हाला?"

डॉक्टर शांत माणूस होता. त्याने जखम धुतली, पट्टी गुंडाळायला घेतली. "दुखतंय का?" त्याने मला विचारलं.

"मला नाही, तिला विचारा."

"हो, हो." दोन वेढे झाले. तिसऱ्या वेढ्याला त्याचा हात मंदावला. त्याने पट्टीचं भेंडोळं टेबलावर ठेवलं, नळाशी जाऊन हात धुतले, पुसले, आणि दार उघडून म्हणाला, "पुढचा पेशंट."

अर्धी पट्टी कोपरावरून लोंबत होती. भेंडोळं टेबलावरून घरंगळलं आणि फरशीवर उलगडत गेलं. त्या बारीक आवाजानेही मी दचकले. मग मी त्या माणसाला जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. त्याने ते सगळं ऐकून घेतलं, आणि काळजीने विचारलं, "तुम्ही बऱ्या आहात ना? तुमच्यासोबत कोणी आलंय का?"

पट्टी मीच बांधली, बाहेरच्या बाकावर बसून. धाकटी समोरच्या भिंतीकडे बघत होती.

"तुला दिसतेय ना मी?"

"मूर्ख. दिसतेस म्हणून तर जगाशी भांडतेय."

"माझ्याकडे कोणाचं लक्ष जात नाही," ती म्हणाली.

माझ्या बोटांतून चिकटपट्टी सुटली. ते माझं वाक्य होतं. शब्दन्‌शब्द. मी तिला ते कधी सांगितलं नव्हतं.

आजची गाडी नुसती पाडून गेली होती. उद्याची तेवढ्यावर थांबेल असं कोण सांगणार?

६

शुक्रवारी मी तिला बजावलं, आज घराबाहेर पाऊल टाकायचं नाही. शूज घालून दाराशी पोचले तर तिने माझी बाही ओढली.

"तीनदा सांगितलं, किल्ली घेऊन जा. आई-बाबा बाहेर जाणारेत, आणि मी झोपणारेय."

"केव्हा सांगितलंस?"

"आत्ता. तू शूज घालत होतीस तेव्हा."

माझं डोकं दुखत होतं. झोप झाली नव्हती. मी किल्ली घेतली.

ऑफिसात पोचल्या पोचल्या दवाखाना उघडला. आडोसा आपल्या ओळीत होता. सगळे रकाने मी सोडले तसेच, फक्त वाक्य वेगळं होतं.

धाकटी कोणाच्या लक्षात येत नाही.

'लक्ष जात नाही' नव्हे. 'लक्षात येत नाही'. मी हे लिहिलं नव्हतं. की लिहिलं होतं? रागाच्या भरात माणूस काय लिहितो ते त्याला आठवतंच असं नाही. मी ओळ पुसली. ओळ गेली. यादी वर-खाली केली, ओळ पुन्हा जागेवर होती. बाहुलीवरून अवस्था काढली. करडा पडदा एकदा लुकलुकला आणि स्थिर झाला. 'कोणापासून'मध्ये 'शत्रू' निवडलं. बोट उचलताच 'सगळे' परत.

"कप्तान, दवाखान्यातली ओळ पुसली जात नाहीये."

"असू दे ना मग. कोणाला दिसतेय?"

"मला दिसतेय! ती माझ्या बहिणीच्या..." मी थांबले. पुढे काय सांगणार होते?

त्याने खुर्ची फिरवली. "हे बघ, बाहुल्यांना घरच्यांची नावं देणं हाच मुळात बालिशपणा. मी तेव्हाच म्हणालो होतो."

"म्हणाला नव्हतात."

"बरं, आता म्हणतोय." आणि तो हसला. "किती चिडतेस गं. पाणी पी."

मी त्याच्या टेबलावरचा पेन-स्टँड हाताच्या फटक्याने खाली पाडला. आयुष्यात पहिल्यांदा. पेनं सगळीकडे गडगडली, सगळ्यांनी मान वर केली, आणि मला वाटलं, अस्सं. हे असं असतं होय, लक्ष जाणं.

मिस्त्रीची जागा अजून रिकामीच होती. त्याच्या पडद्याच्या कडेला त्याने चिकटवलेली एक पिवळी चिठ्ठी होती. आजवर शंभरदा त्यावरून नजर गेली असेल, वाचली आता. 'फेऱ्या रिकाम्या सोडू नका. रिकामं म्हणजे शून्य. शून्यानंतर मोजणी थांबते, अवस्था थांबत नाही.'

७

मिस्त्रीला फोन लावला. वाजत राहिला. पुन्हा लावला. पाचदा, सहादा. एवढं बनवून ठेवतोस, तिच्या मारी, आणि एक चिठ्ठी चिकटवून निघून जातोस? सगळ्यांसमोर, मोठ्याने मी हे त्या वाजणाऱ्या फोनला ऐकवलं. कोणी उचलला नाही.

जागेवर आले. वाक्य पुन्हा बदललं होतं, आणि या वेळी मी त्याची मधली अक्षरं बदलताना पाहिली. कोणीतरी टाइप करतंय असं नाही. गढूळ पाणी निवळावं तशी.

धाकटी कोणाच्या लक्षात राहत नाही.

फेऱ्यांच्या रकान्यात आकडा घातला, तो लगेच पुसला गेला. उरलेला एकच रकाना होता: कशाने जाते. तोही मी रिकामा सोडला होता. यादी उघडली. औषध. विश्रांती. मार. हाक. हे शेवटचं माझंच, झोपेच्या अवस्थेसाठी केलेलं. टोळीतल्या कोणीतरी झोपलेल्याला हाक मारायची, त्याने ओ दिली की झोप उडते. मिस्त्री तेव्हा म्हणाला होता, नुसत्या हाकेने जाऊ दे की. मी भांडले होते. हाक मारणाऱ्याला ओ ऐकू आली पाहिजे, नाहीतर काय अर्थ, असं म्हणाले होते.

मी 'हाक' निवडलं. राहिलं. परत फिरलं नाही. रकान्याखाली बारीक अक्षरात उमटलं: ओ मिळेपर्यंत.

मी तिथूनच तिला फोन लावला. वाजला, वाजला, बंद झाला. पुन्हा. कप्तान काहीतरी म्हणत होता, मी पर्स उचलून त्याच्या वाक्याच्या मधूनच निघाले. निघताना पडद्याकडे पाहिलं. बाहुल्या तीनच होत्या. नाही, चार. मला दुसऱ्यांदा मोजावं लागलं.

८

आई-बाबा नुकतेच बाहेरून परत आले होते. दार उघडंच होतं. मी शूज न काढता आत शिरले.

"धाकटे! ए धाकटे!"

आई बेडरूममध्ये कपाटासमोर होती. पायाशी एक मोठी पिशवी, त्यात ती कपडे कोंबत होती. निळा कुडता, पिवळा स्वेटर, ती पट्ट्यापट्ट्यांची पँट.

"हे काय करतेयस?"

"अगं, हे कोणाचे कपडे आणून ठेवलेस? अर्धं कपाट अडलंय. तुला तर यातलं काही व्हायचं नाही."

"धाकटीचे आहेत!"

"कोणाच्या धाकटीचे?"

मी पिशवी तिच्या हातातून हिसकावली. ती घाबरली. आई मला घाबरली, हेही पहिल्यांदाच.

"माझी बहीण. तुझी मुलगी. कुठे आहे ती? घरात होती ना?"

"असं काय करतेस गं," आई रडवेली झाली. "तूच आमची थोरली, तूच धाकटी. अहो, बघा ना हिला काय झालंय."

बाबा आले. त्यांनी माझ्या कपाळाला हात लावला. मी तो झटकला. "तुम्ही तिला खांद्यावर बसवून फिरवायचात! तुमचा चष्मा तिने मोडला होता! परवा चौथं ताट कोणी घेतलं?"

"परवा ताटं तीनच होती," बाबा हळूच म्हणाले, आणि ते इतकं खरं वाटत होतं की क्षणभर मलाही तीनच आठवली.

तो क्षण मी कधी विसरणार नाही. मी आमच्या खोलीत शिरले आणि दार आतून लावून घेतलं.

९

खोलीत दोन पलंग आहेत, समोरासमोर. मधे हातभर जागा. माझा खिडकीकडचा. दुसरा तिचा. चादर विस्कटलेली होती, उशीच्या मधोमध खळगा होता.

"धाकटे," मी हाक मारली. बाहेरून कोणीतरी दारावर टकटक करत होतं, मी दचकून भिंतीला टेकले. "धाकटे, ओ दे. एकदाच. मग पुन्हा कधी मागणार नाही."

काही नाही. खिडकीतून दुपारचं ऊन तिच्या पलंगावर पडलं होतं, चादरीची एकेक सुरकुती दिसत होती.

कुठे गेली असेल? बाहेर? रस्त्यावर? मी बजावलं होतं ना हिला! पण हिने माझं कधी ऐकलंय! मला तिचा राग आला, आणि राग आला याचा आधार वाटला. जी नाहीच तिचा राग कसा येईल? मी तो राग घट्ट धरून ठेवला. बाकी सगळ्यांच्या हातून ती सुटली होती. दुकानाच्या दाराच्या, गल्ल्यावरच्या बाईच्या, डॉक्टरच्या, आईच्या, सगळ्यांच्या. माझ्या हातून नाही. मी बसले माझ्या पलंगावर, तिच्या पलंगाकडे तोंड करून, आणि फोन लावला.

रिंग ऐकू आली. खोलीतच.

फोन घरी ठेवून गेली म्हणजे! मी उठून तिची उशी उचलली. चादर उपसली, गादीखाली हात घातला, पलंगाखाली वाकून पाहिलं. धूळ आणि एक मोजा. रिंग जवळच होती, अगदी जवळ, पण तिची दिशाच लागेना. वाकले की वरून यायची, उभी राहिले की समोरून. थांबली. पुन्हा लावला. पुन्हा तेच. चौथ्या की पाचव्या वेळी मी शोधणं सोडून दिलं, परत माझ्या जागी बसले, आणि नुसती मोठमोठ्याने हाका मारत राहिले, एका हाताने फोन कानाशी दाबून. धाकटे. ए धाकटे. घसा बसला. बाहेरची टकटकही थांबली होती.

मग रिंग मधेच तुटली. फोन उचलला गेला होता.

पलीकडे कोणीतरी श्वास घेत होतं. खूप रडून झाल्यावर घेतात, तसा.

"धाकटे? ओ दे ना गं! कुठे आहेस तू?"

"कधीची ओ देतेय, ताई," ती म्हणाली. "तुझ्या गुडघ्यावर हात ठेवून समोर बसलेय."